पिशवी बदलापूरला, जीव लालबागला

*ताई, सव्वा वर्षापूर्वी लालबागच्या चाळीतली खोली विकून भावाभावांत वाटणी झाली आणि आम्ही बदलापूर पश्चिमेला वन बीएचके घेतला. स्टेशनपासून शेअर रिक्षाने पंधरा मिनिटं. मी भायखळ्याला नोकरीला आहे, मिस्टर ठाण्याला. मुलगा आठवीत. इथे काही धड मिळत नाही. भाजी महाग, मासळी शिळी, मसाल्याला वास नाही. म्हणून दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी लालबागला जाते आणि आठवड्याचं सगळं घेऊन येते, अगदी सासूबाईंच्या बिस्किटांपर्यंत. दोन पिशव्या घेऊन बदलापूर गाडीत चढायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. उजवा खांदा पार गेलाय. मिस्टर म्हणतात, अॅपवरून मागव. सासूबाई म्हणतात, गेटवरचा भाजीवाला काटा मारतो. त्या हल्ली खालीच उतरत नाहीत. मी काय करू? परत लालबागला राहायला तर जाता येणार नाही.*

*– एक लालबागकरीण, सध्या बदलापूर*

लालबागकरीण बाई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या खांद्यासाठी आणि दुसऱ्यांदा शेवटाकडच्या एका छोट्या वाक्यासाठी, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. त्याच्याकडे येतेच. पण आधी खांदा. तो डॉक्टरांना दाखवा, मी काही हाडांची वैदीण नाही. दाखवायला जाल त्या आठवड्यापासून शुक्रवारची लालबाग फेरी बंद. कमी करा असं म्हणत नाही, बंदच करा म्हणते. "थोडंच आणते" म्हणणाऱ्या बायकांच्या पिशव्या मी पाहिल्यात. त्यातली एक माझी होती.

१९८९ साली आम्ही गिरगावातून डोंबिवलीला आलो. मी कचेरीतून सुटले की वाट वाकडी करून ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत जायचे. तीन वर्षं हा नेम चालला. डोंबिवलीत भाजी उगवतच नाही, अशी माझी समजूत होती. एकदा गाडीत माझ्या पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर डोकावत होती. शेजारच्या बाईने ती न विचारता हातात घेतली, उलटीपालटी केली आणि हसायला लागली. ती डोंबिवलीतच भाजी विकायची. म्हणाली, "बाई, ही पहाटे माझ्याबरोबरच कल्याणपर्यंत आली होती. मी हिच्या बहिणींना घेऊन उतरले, ही मुंबई फिरायला गेली. आता तुम्ही हिला घरी आणताय."

तेव्हा मुंबईचा घाऊक भाजीबाजार तुमच्या ऑफिसच्या गावी, भायखळ्याला होता. पुढे तो वाशीला गेला. पण डोंगराने ठरवलेल्या वाटा काही बदलल्या नाहीत. नाशिककडची भाजी कसारा घाट उतरते, जुन्नर-ओतूरकडची माळशेज उतरून मुरबाडवरून कल्याणच्या बाजार समितीत येते. या दोन्ही वाटा मुंबईच्या आधी तुमच्या अंगाला येतात. मुरबाड-शहापूरची भेंडी, काकडी, शिराळी तर तुमच्या शेजारचीच म्हणायची. म्हणजे लालबागच्या टोपलीतली बरीचशी भाजी तुमच्या घराच्या अंगणावरून पुढे जाते, तिथे उन्हात बसते आणि मग तुमच्या उजव्या खांद्यावरून परत येते.

आता तुम्ही म्हणाल, मग इथे महाग का? कारण सोपं आहे, आणि तुमच्या भाजीवाल्याची लबाडी हे त्यातलं सगळ्यात लहान कारण. लालबागला फुटपाथवरच्या बाईसमोरून तासाला शेकडो माणसं जातात. तिची टोपली दुपारपर्यंत रिकामी होते, म्हणून ती जुडीमागे दोन रुपये कमी घेऊ शकते. तुमच्या गेटवरचा माणूस पहाटे कल्याणला किंवा उल्हासनगरला जाऊन थोडा माल घेतो, टेम्पोत जागेचे पैसे भरतो आणि चार इमारतींच्या मध्ये उभा राहतो. त्यातल्या निम्म्या घरांतल्या बायका तुमच्यासारख्या मुंबईहून पिशवी भरून आणतात. उरलेली पालेभाजी रात्री गुरांना जाते. त्या गुरांच्या चाऱ्याचे पैसे तो तुमच्या मेथीत लावतो. तुम्ही त्याच्याकडून घेत नाही म्हणून तो महाग आणि तो महाग म्हणून तुम्ही घेत नाही. हे रहाटगाडगं एका बाजूने कुणीतरी थांबवायला हवं, आणि भाजीवाल्याकडे सल्ल्याचं सदर नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. संध्याकाळी सात-साडेसातला स्टेशनबाहेर उतरल्या उतरल्या घेतलेली भाजी ही बदलापुरातली सगळ्यात महाग भाजी. गाडीतून लोंढा उतरतो, प्रत्येकाला रिक्षाची रांग धरायची असते, कुणी घासाघीस करत नाही. विकणाऱ्यांना ते बरोबर कळतं. तीच भाजी सकाळी साडेनऊला जरा आत मंडईकडे गेलात तर ताजीही असते आणि दोन शब्द बोलायला वेळही असतो. पण साडेनऊला तुम्ही भायखळ्यात असता. मग कोण जाणार? थांबा, सांगते.

मासळीच्या बाबतीत तुमची तक्रार मला मान्य आहे. उगाच बदलापूरची तरफदारी करून काय उपयोग? मासळी ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर उतरते आणि तिथून तुमच्यापर्यंत यायला तिला गाडीचा तुमच्याइतकाच प्रवास करावा लागतो. लालबागचा पापलेट आणि तुमच्या इथला पापलेट यांत काही तासांचा आणि बर्फाच्या दोन थरांचा फरक राहणारच. त्याला इलाज एकच. 'मासळीबाजार' शोधू नका, कोळीण शोधा. आठवड्यात ठरलेल्या दिवशी येणाऱ्या बायका असतात. त्यातली एक गाठा, दोनदा तिच्याकडून घ्या आणि तिसऱ्यांदा तिचा फोन नंबर मागा. आदल्या रात्री "उद्या बांगडे असतील तर सहा ठेव" असं सांगितलं की ती तुमच्यासाठी वरच्या थरातले ठेवते, कारण ते खपणार हे तिला आधीच कळलेलं असतं. घेताना मात्र लालबागचा डोळा सोडू नका: कल्ले लाल, डोळा वर आलेला, बोटाने दाबलं तर खळगा न राहणारा. बोंबलाला हा शेवटचा नियम लावू नका, तो जन्मतःच खळगा आहे.

आणि एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत ताज्या समुद्री मासळीचा आग्रह धरलात तर लालबागलाही बर्फातलंच बरंच काही पदरात पडतं. हे लिहितेय तेव्हा मे अर्धा सरलाय. म्हणजे सुक्याची वेळ झाली.

इथे मी तुम्हाला एक शब्द आठवून देते. तो तुमच्या सासूबाईंना नक्की ठाऊक असेल: आगोट. पाऊस लागण्याआधी घरात भरून ठेवायची ती बेगमी. मसाला, सुके बोंबील, जवळा, पापड, कांदे, मीठ, चिंच, आमसुलं. लालबागला दार उघडलं की बाजार, त्यामुळे तुमच्या पिढीत आगोट विस्मरणात गेली असेल. बदलापूरला ती पुन्हा लागणार आहे. उल्हास नदी तुमच्या बाजूनेच वाहते आणि तिचा जुलैतला स्वभाव पश्चिमेच्या लोकांना चांगला माहीत आहे. २०१९ च्या २७ जुलैला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं होतं. तसं दर वर्षी होत नाही. पण दर पावसाळ्यात दोन-तीन दिवस असे येतात की गाड्या बंद, तुम्ही दादरला अडकलेल्या, मिस्टर ठाण्याला आणि भाजीचा टेम्पो कल्याणला. त्या दिवसांसाठी स्वयंपाकघरात एक फळी वेगळी ठेवा: तांदूळ, दोन प्रकारची कडधान्यं, सुकं, दुधाची पावडर, मेणबत्त्या, काडेपेटी. तिला हात लावायचा नाही, लावला तर त्याच आठवड्यात भरून ठेवायची.

मेणबत्त्या यासाठी की तुम्ही बेस्टची वीज सोडून महावितरणच्या विजेवर आला आहात. वळवाच्या पावसात झाडाची फांदी तारेवर पडली की दोन-चार तासांची निश्चिंती. अशा वेळी फ्रिज सारखा उघडून "अजून थंड आहे का" असं बघायचं नाही. दार न उघडता आतला गारवा साधारण चार तास टिकतो, बघत बसलात तर तासाभरात संपतो. शुक्रवारी आणलेली आठवड्याभराची मासळी ठेवायला हा फ्रिज भरवशाचा नाही, हे एव्हाना तुमच्याही लक्षात आलं असेल.

मसाला मात्र लालबागचाच. इथे मी तुमच्या बाजूने आहे. मिरची गल्लीत उभं राहून बेडगी किती, संकेश्वरी किती, रंगाला काश्मिरी किती हे ठरवायचं, गरम मसाला निवडून घ्यायचा आणि डंकावर समोर कुटून घ्यायचं, याला पर्याय मी सुचवणार नाही. पण ते काम वर्षातून एकदाचं आहे. आणि बदलापूरला जाऊन तुम्हाला यात एक गोष्ट मिळाली आहे, जी चाळीत भांडूनही मिळत नव्हती: गच्ची. एप्रिल-मेमध्ये तुमच्या इथलं ऊन चाळिशी ओलांडतं. त्या उन्हाला तुम्ही रोज शिव्या घालत असाल, पण मिरच्या दोन दिवसांत अशा कडक होतात की हातात घेतली की मोडते. यंदा उशीर झालाय, तरी अजून दहा-बारा दिवस ऊन आहे. अख्ख्या मिरच्या आणा, गच्चीवर जुन्या धोतरावर पसरा आणि मग कुटायला जवळचं कांडप शोधा. किंवा वाळवून परत लालबागच्या डंकावर न्या, तुमची मर्जी. या एका फेरीला माझी हरकत नाही. ती शुक्रवारी संध्याकाळी मात्र करायची नाही. रजा टाका, दुपारच्या रिकाम्या गाडीने जा आणि एकट्या जाऊ नका.

अॅपचं थोडक्यात. मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जे जड आहे, बंद पुड्यात येतं आणि ज्याला नाक-डोळे लावून बघावं लागत नाही, ते घरपोच यावं: तेल, साबण, कपड्यांची पावडर, साखर, फरशीचं औषध. ते अॅपवरून येवो नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला व्हॉट्सअॅपवर यादी पाठवून. मी किराणावाल्याच्या बाजूने झुकते, कारण रात्री साडेनऊला पाहुणे आले तर अॅप एक नारळ आणून देईलच असं नाही. तो मात्र अर्धं शटर वर करून देतो. भाव बघताना पुड्यावर छापील किमतीजवळच ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत लिहिलेली असते, ती बघा. 'मोठा पुडा स्वस्त' हे दर वेळी खरं नसतं. आणि थंड करून दिलं म्हणून दुधाच्या पिशवीवर किंवा बाटलीवर छापील किमतीपेक्षा एक रुपया जरी कुणी जास्त मागितला, तर द्यायचा नाही. ते कायद्यात बसत नाही. महिन्याची ही जड यादी मिस्टरांच्या नावावर करून टाका. मागवायची त्यांनी, मोजून घ्यायची त्यांनी आणि डब्यात भरायचीही त्यांनीच. सल्ला देणाऱ्याला थोडं काम दिलं की सल्ल्याचा दर्जा सुधारतो, हा माझा घरचा अनुभव आहे.

दळणाचंही सांगून ठेवते, कारण नव्या वस्तीत पोळ्या बिघडतात आणि बायका गव्हाला दोष देतात. चक्कीवाल्याला डबा देताना "गव्हावर गहू" असं स्पष्ट सांगा. आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी किंवा बेसन दळून झाल्यावर लगेच तुमचे गहू पडले की पहिलं दीड-दोन मूठ पीठ त्याचं येतं. लालबागचा चक्कीवाला न सांगता हे बघायचा, कारण तुमच्या सासूबाई त्याच्यासमोर उभ्या असायच्या.

आणि आता त्या वाक्यावर येते. "त्या हल्ली खालीच उतरत नाहीत."

बाई, तुमच्या पत्रात बदलापूरच्या बाजारावर चार तक्रारी आहेत. त्यातल्या तीन तुमच्या आहेत आणि एक सासूबाईंची: भाजीवाला काटा मारतो. मला सांगा, ज्या खालीच उतरत नाहीत त्यांना हे कसं कळलं? त्या वरून बघत असणार. खिडकीच्या जाळीला नाक लावून त्या रोज त्या हातगाडीकडे बघत असणार. कोण काय घेतं, तो कुठली पिशवी कशी तोलतो, कुणाला वर मिरच्या टाकतो आणि कुणाला नाही. एवढ्या उंचीवरून काटा ओळखणाऱ्या बाईला तुम्ही घरात बसवून ठेवलंय आणि स्वतः खांदा मोडून घेताय.

चाळीत त्या दिवसातून किती वेळा खाली जायच्या, आठवून बघा. सकाळी दुधाला, मग भाजीला, दुपारी कढीपत्ता संपला म्हणून, संध्याकाळी नातवाला काहीतरी हवं म्हणून. कढीपत्त्याला गेलेली बाई पाऊण तासाने यायची आणि कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची खोली विकली, कोण गावाला गेलं हे सगळं घेऊन यायची. तुम्ही तेव्हा वैतागत असाल. मीही माझ्या सासूवर वैतागायचे. पण घराबाहेर त्यांचं जे जग होतं, ते त्या पाऊण तासात होतं. बदलापूरला आल्यावर ओळखीचं कुणी नाही, रस्ता रुंद, रिक्षावाले सुसाट, आणि वर शुक्रवारी रात्री सूनबाई दोन पिशव्या भरून सगळंच घेऊन येते. बिस्किटंसुद्धा. तोच पुडा, तेच वेष्टन, तुमच्या इमारतीखालच्या दुकानातही मिळतं. मग त्यांनी कशासाठी खाली उतरायचं?

तुम्ही हे त्यांची काळजी म्हणूनच केलंत, यात मला शंका नाही. दोष देत नाही. पण तुम्ही खांद्यावरून जे वाहून आणताय, त्यातला बराचसा भाग म्हणजे सासूबाईंचं काम आहे.

तेव्हा येत्या सोमवारपासून रोजची भाजी, कढीपत्ता, लिंबं, नातवाचा खाऊ आणि त्यांची स्वतःची बिस्किटं हे खातं त्यांचं. थेट मंडईत पाठवू नका. पहिला आठवडा फक्त गेटपर्यंत. सकाळी साडेनऊच्या आत, ऊन चढायच्या आधी. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी नाही. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरचा किराणा. त्या दुकानदाराला आधी तुम्ही एकदा भेटून या आणि उधारीची वही असेल तर त्यात नाव तुमचं नको, त्यांचं लिहायला सांगा. दुकानाबाहेर एखादं स्टूल ठेवता येईल का, तेही विचारा. बहुतेक दुकानदार ठेवतात. तिथे अजून एक-दोन आज्या आपोआप जमतात आणि त्यांच्यामागून गिऱ्हाइकं येतात, हे त्यांना ठाऊक असतं. मंडई शनिवारी, नातवाला बरोबर देऊन. आठवीतल्या मुलाला पिशवी धरायला काही होत नाही. आणि सोसायटी भाजीवाल्याला आवारात येऊ देत नसेल, तर सेक्रेटरींना विचारून बघा की सकाळी तासभर गेटच्या आत सावलीत हातगाडी लावली तर चालेल का. सगळ्याच मजल्यांवर एखाद्या सासूबाई असतात.

पैसे त्यांच्या बटव्यात आधीच ठेवा. हिशोब मागू नका. पहिल्या आठवड्यात किडकी वांगी येतील, एखाद्या दिवशी तीन जुड्या मेथी येईल कारण भाजीवाल्याने गळ घातली. भाजी करा आणि गप्प राहा. हे तुम्हाला जड जाईल, मला माहीत आहे. दोन पिशव्यांपेक्षा हलकंच जाईल.

काटा मारण्याचं आपण त्यांच्याच हातात देऊ. त्यांना सांगा, मिठाचा एक किलोचा बंद पुडा पिशवीत घेऊन जा. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी काही नसताना शून्य दिसतंय ना ते बघायचं आणि मग तो पुडा ठेवायचा. एक किलो आणि वर वेष्टनाचे थोडे ग्रॅम दिसले तर माणूस सरळ आहे. एक किलो शंभर दाखवलं, तर तुम्हाला तो किलोमागे जवळजवळ शंभर ग्रॅम कमी देतोय. वजनकाट्यांची दर वर्षी तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो, हेही सासूबाईंनी त्याला ऐकवायला हरकत नाही. अगदी डोक्यावरून पाणी गेलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण माझा अंदाज सांगते. मिठाचा पुडा एकदा काट्यावर ठेवणाऱ्या आजीच्या वाटेला तो माणूस पुन्हा जात नाही. उलट तिला "आजी, आज गवार नका घेऊ, कालची आहे" असं सांगायला लागतो. माझ्या सासूच्या बाबतीत हे फक्त दीड महिन्यात झालं, आणि ती काही तुमच्या सासूबाईंइतकी तिखट नव्हती.

शेजारणींपैकी कुणी कापडी पिशवी शिवून देत असेल तर सासूबाईंसाठी दोन लहान शिवून घ्या. मोठी पिशवी घरातून गायब करा, कारण मोठी पिशवी रिकामी राहिली की बायकांना राहवत नाही. कांदे-बटाटे त्यांच्या यादीत नकोत, ते मिस्टरांच्या.

मिरच्यांची ती रजा टाकून केलेली फेरी मात्र दोघींनी मिळून करा. त्यांना पुढच्या दिवसांची आगोट काय आणि किती घ्यायची ते ठरवू द्या. लालबागला जुन्या लोकांना भेटू द्या. गणपतीला तुम्ही दोघी जाणारच आहात, ते मी धरूनच चालले आहे, त्यासाठी माझी परवानगी नको.

आणि एक शेवटचं, जे लालबागला तुम्हाला इतकं ताजं मिळणार नव्हतं. मेअखेर ते जून तुमच्याकडे जांभळं येतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ती आंध्रातली की कुठली असं विचारून घ्या. मग पहिले दोन पाऊस पडले की आसपासच्या वाड्या-पाड्यांवरून ठाकर-कातकरी बायका रानभाज्या घेऊन येऊन बसतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुरडू, भारंगी, नंतर कंटोळी. यांचा बाजार सकाळी लवकर बसतो आणि दहापर्यंत उठतो. तुम्ही गाडीत असाल, सासूबाई नाहीत. शेवळं कशी निवडायची, आतला पिवळा भाग का काढून टाकायचा, हे त्यांना माहीत असेल. नसेल तर विकणारी बाई सांगते आणि दोघींची तेवढ्यावर अर्ध्या तासाची निश्चिंती. फक्त एवढं सांगून ठेवा, की शेवळं घेताना काकडंही, म्हणजे ती छोटी आंबट रानफळं, मागून घ्या. नाहीतर घशाला खाज सुटते. ती बाई देते, पण मागावी लागतात.